भरलेल्या भिंती

गृहनिर्माण खात्याचा अहवाल चार पानांचा होता, पण मिस्त्रीने तो तिसऱ्या ओळीपर्यंतच वाचला. तिथे लिहिलं होतं, ‘पोकळ भिंतींची ही रचना सदोष असून अशी घरे उन्हाळ्यात राहण्यास योग्य नाहीत.’ तळपायाची आग मस्तकात जायला तेवढं पुरेसं होतं. चौकातल्या फलकासमोर पाच-सात जण उभे होते. त्यांना कोपराने बाजूला सारत तो गर्दीतून बाहेर आला आणि म्हणाला, “कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?”

“खाली सही आहे की,” इस्त्रीवाला म्हणाला. “आधी पूर्ण वाचा, मग शिव्या द्या. अर्ध्या माहितीवर शिवी लागू पडत नाही.”

“मला तीन ओळी पुष्कळ झाल्या.”

मिस्त्रीचं हे नेहमीचंच होतं. वय अठ्ठावन्न, अंगाने काटक, सिमेंटने खाल्लेली बोटं आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्याची बायको म्हणायची, घरात गॅस संपला तर यांच्या डोक्यावर चहाचं भांडं ठेवावं, दोन मिनिटांत उकळी येईल. पण चाळीस वर्षांत त्याच्या भिंतीला ओळंबा लावून कुणाला खोट काढता आली नव्हती, म्हणून लोक त्याचा राग चालवून घेत.

उरलेला अहवाल इस्त्रीवाल्याने त्याला मोठ्याने वाचून दाखवला. पुढच्या टप्प्यातली साठ घरं या पद्धतीने बांधायची नाहीत. त्याऐवजी आठ मजल्यांची एकच इमारत होईल, घरोघरी एसी बसवायची सोय असेल आणि घरांचं वाटप सोडत काढून होईल. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी, त्यानंतर एकदा शेवटची पाहणी होईल.

सोडत काढून! मिस्त्रीच्या घशात तेच अडकलं. त्या साठ घरांपैकी एक त्याच्या धाकट्या बहिणीचं होणार होतं.

ही वस्ती पूर्वी कालव्याच्या काठी होती. कालवा रुंद करायचा ठरला आणि चौऱ्याऐंशी कुटुंबांना उठावं लागलं. त्यांची सोय कशी करायची यावर खात्यात बराच काळ नुसती पत्रं फिरली. मग एक आर्किटेक्ट बाई आल्या. त्या नकाशा घेऊन आल्या नाहीत, कोरी वही घेऊन आल्या. दोन महिने दारोदार फिरल्या. कुणाचं मूल कुणाच्या दारात खेळतं, कुणासाठी पाणी कोण भरतं, दुपारी बायका कुठे बसतात, हे सगळं त्यांनी वहीत टिपलं आणि मग घरं काढली. मधे चौक, दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी, दारं एकमेकांसमोर. प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी चौकात उघडणारी, म्हणजे चुलीपाशी उभं राहूनही पोरांवर नजर राहावी. छताला पांढरा रंग, भिंतीत वरच्या अंगाला गरम हवा निघून जायला झरोके आणि भिंती आतून पोकळ. पंख्यापलीकडे या घरांना काही लागू नये, असं बाईंचं म्हणणं होतं. आधी चोवीस घरं बांधून बघायची आणि ती जमली तर उरलेली साठ, असं खात्याने मान्य केलं.

चोवीस घरं उभी राहून दोन उन्हाळे झाले होते. साठ कुटुंबं अजून पलीकडच्या मैदानात पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होती. मिस्त्रीची बहीण त्यांतलीच. एका पायाने अधू, शिवणकाम करून पोट भरणारी. तिच्यासमोरच्या खोलीतली बाई तिचं पाणी भरायची, बाजार आणायची आणि ही त्या बाईच्या चार पोरांचे कपडे शिवायची, उसवलेलं टाचायची. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. बाईंच्या नकाशात या दोघींची दारं समोरासमोर होती, मधे नऊ पावलांचं अंतर. सोडतीत एकीला दुसरा मजला आणि दुसरीला आठवा मिळाला, तर वीस वर्षांचा संसार मोडल्यासारखंच होतं. लिफ्ट बंद पडली की पाणी कोण चढवणार? हरकतीच्या अर्जावर हे लिहायला रकाना नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री खात्याच्या कार्यालयात गेला. अहवालावर सही करणारे साहेब सभ्य होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“साहेब, घरं गरम होतात हे कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? आम्ही तापमापक लावले होते. तीन दिवस. आकडे समोर आहेत.”

“कुठल्या घरांत लावले?”

साहेबांनी फाइल चाळली. “घर क्रमांक एक, दोन, तीन आणि चार.”

“चोवीस घरांतली चारच? आणि तीही फाटकाला लागून असलेली?”

“नमुना म्हणून घेतात हो. सगळ्या घरांत कोण लावत बसणार?”

“गाडी कुठे उभी केली होती तुमच्या माणसांनी?”

“म्हणजे?”

“म्हणजे फाटकात गाडी लावली, सावलीत उतरले, जवळची चार घरं बघितली आणि गेले. उन्हात शंभर पावलं पुढे चालायला नको! तेवढ्यावर साठ कुटुंबांना आठ मजल्यांवर चढवून मोकळे झाले!”

शेजारच्या टेबलावरची टाइप करणारी बाई थांबून बघायला लागली. साहेबांचा चेहरा आखडला. “हे बघा मिस्त्री, तुमचं काम बांधायचं. मोजायचं काम आमचं. पुढची घरं गार आहेत असं म्हणत असाल तर ती पाण्याच्या टाकीजवळ आहेत म्हणून गार असतील. हे तर तुमच्या वस्तीतलेच लोक सांगतात.”

हे मात्र खरं होतं. वस्तीत सगळे तसंच म्हणायचे, ‘टाकीकडची घरं नशीबवान, पाण्याचा गारवा मिळतो.’ सिमेंटची बंद टाकी, तीही वीस फूट उंच खांबांवर. तिचा गारवा खाली घरात कसा शिरणार, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मिस्त्रीलाही पडला नव्हता, कारण त्याला उत्तर पहिल्यापासून माहीत होतं. साहेबांसमोर ते त्याच्या जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. तो ताडकन उठला, खुर्ची मागे कलंडली, ती सरळ करून ठेवली आणि बाहेर पडला.

त्याला माहीत होतं ते असं. दोन्ही ओळींतली टाकीकडची सहा-सहा घरं त्याच्या टोळीने बांधली होती आणि फाटकाकडची सहा-सहा त्याच्या थोरल्या भावाच्या टोळीने. ठेकेदाराने कामच तसं वाटून दिलं होतं. दादा त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. बाप गेल्यावर बाराव्या वर्षी त्याच्या हातात थापी दिली ती दादानेच. वीट कशी धरायची, सिमेंट-वाळूचा माल किती घ्यायचा, सांधा कसा भरायचा, सगळं दादाने शिकवलं. शिकवताना फटके दिले आणि संध्याकाळी पाठीला तेलही लावलं. दादाचा एकच नियम होता. भिंतीत मुंगी शिरायला जागा राहता कामा नये. चोर बांधकाम करणाऱ्याला तो एकच शिवी द्यायचा, ‘पोकळ माणूस.’

आणि अशा माणसाला पोकळ भिंत बांधायला सांगितली होती.

बाईंच्या नकाशात वीट आडवी झोपवायची नव्हती, कडेवर उभी करायची होती. बाहेरच्या बाजूला एक, आतल्या बाजूला एक, मधे चार बोटांची फट, आणि दोन्हींना बांधून ठेवायला मधेच एक आडवी. पहिल्या दिवशी मिस्त्रीलाही हे खूळच वाटलं होतं. पण बाई परांचीखाली चहा पीत उभ्या असताना त्याने त्यांना सरळ विचारलं, “ही फट कशाला?” बाईंनी हातातला थर्मास वर धरला. “यात चहा गरम का राहतो? आतलं भांडं आणि बाहेरचं भांडं यांच्यामध्ये काहीच नाही म्हणून. भिंतीतल्या फटीत हवा कोंडून राहते. बाहेरच्या विटा तापल्या तरी आतल्या तापत नाहीत.” मिस्त्रीला ते एका घोटात पटलं.

दादाने कुणाला विचारलं नाही. ठेकेदाराच्या सुपरवायझरने त्याला एवढंच सांगितलं होतं, “विटा उभ्या लावा, नकाशात तसं आहे.” दादाने विटा उभ्या लावल्या. आणि दर दोन थरांनंतर विटांचे तुकडे आणि पातळ माल घालून मधली फट कांडून कांडून भरून टाकली.

मिस्त्रीने हे एका सकाळी बघितलं होतं. ओळ धरायचं सूत मागायला तो दादाच्या परांचीवर चढला, तेव्हा दादा घमेल्यातून फटीत माल ओतत होता.

“दादा, हे...”

“काय?” दादाने मान वर केली. “फट ठेवून जायला मी काय चोर आहे? मला स्वतःला राहायचंय यात.”

धाकट्याने थोरल्याच्या थरावर बोलायचं नाही, ही त्यांच्या कामातली रीत होती. दादाच्या हाताखाली तयार झालेला प्रत्येक गडी ती पाळायचा. मिस्त्रीने सूत घेतलं आणि खाली उतरला. ज्या माणसाने ठेकेदाराच्या तोंडावर घमेलं आपटलं होतं, नगरसेवकाला परांचीवरून हाकललं होतं, त्याने त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरली. बाहेरून बघितलं तर दोन्हीकडच्या भिंती जुळ्या बहिणींसारख्या. कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

कार्यालयातून तो तडक शेडवर गेला. बहीण मशीनवर बसली होती. पत्रा इतका तापला होता, की खोलीत शिरताच कान गरम झाले.

“आलास? आवाज आधी आला, तू मागून,” बहीण म्हणाली. “कुणाशी भांडून आलास?”

“साहेबाशी.”

“जिंकलास?”

“भांडणात जिंकायचं काय असतं!”

“म्हणजे हरलास.” तिने दोरा तोडला. “भाऊ, एक विचारू? तुझा राग मला पाठ आहे. खरं बोलून आलास की हलका होतोस. आज तू फुगून आलायस. काहीतरी गिळून आलायस.”

मग त्याला सांगावंच लागलं. ती ऐकत राहिली. मशीनचं चाक हाताने उगाच मागे-पुढे करत राहिली.

“मोठ्या दादाला हे माहीत आहे?”

“त्यानं चूक केली हे त्याला कसं माहीत असणार? त्याला वाटतं बाईंनी चूक केली. रोज शिव्या देतो त्यांना.”

“मग राहू दे.”

“काय राहू दे?”

“मी जाईन आठव्या मजल्यावर. दादाचं नाव सगळ्या वस्तीसमोर घालवू नकोस. त्याच्याकडे दुसरं आहे काय? पोर नाही, बाळ नाही. चांगला गवंडी हेच नाव आहे.”

“आणि तुझं पाणी?”

“बघू. तहान कमी करीन.”

हा विनोद होता आणि ती हसलीही. पण मिस्त्रीला असा संताप आला, की तिचं मशीन उचलून फेकावं. दादाचा राग आला, बहिणीचा आला. बाईंचा आला, की परांचीवर चार पायऱ्या चढून दादाला का नाही सांगितलंत? साहेबाचा तर होताच. स्वतःचं नाव त्याने या यादीत अजून घातलं नव्हतं.

पाहणीच्या आदल्या दुपारी तो दादाच्या घरी गेला. ठरवूनच गेला, आज सांगायचं. फाटकापासून तिसरं घर. दारातून आत पाऊल टाकलं आणि भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं झालं. वहिनी जमिनीवर ओला टॉवेल अंथरून त्यावर पडल्या होत्या. त्यांना उन्हाळ्यात चक्कर यायची. मागच्या वर्षी दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

“पडून राहा, वहिनी.”

“भाऊजी, तुमच्याकडे बरं आहे हो. टाकी आहे.” मिस्त्रीने मान हलवली.

दादा भिंतीला पाठ न लावता खुर्चीत ताठ बसला होता. एकाहत्तर वर्षांचा, अजूनही खांदे सरळ. “बघितलंस ना तुझ्या बाईंचं डोकं? उद्या साहेब आले, की मी सांगणार आहे. कागदावरची घरं कागदावरच ठेवा म्हणावं. मी भिंत अशी पक्की बांधली म्हणून निदान घर उभं आहे. नाहीतर वाऱ्यानं गेलं असतं.”

“दादा, ती भिंत...”

“काय भिंत?”

तोच आवाज, तीच वर केलेली मान. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस बारा वर्षांचा झाला. “काही नाही. वहिनींना आमच्याकडे पाठव चार दिवस.”

“का? स्वतःचं घर नाही तिला?”

मिस्त्री परतला. घरी आल्यावर त्याने ताट तसंच ठेवलं. बायकोने कारण विचारलं तर तिच्यावरच खेकसला, आणि मग स्वतःच उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आला. माफी मागायची त्याची तेवढीच पद्धत होती.

पाहणीला साहेब दोन माणसं घेऊन आले. या वेळीही गाडी फाटकातच थांबली. बाई आधीच येऊन चौकात उभ्या होत्या, दोन वर्षांत दहा वर्षांनी थकल्यासारख्या. वस्तीतले बरेचसे जमले होते. शेडमधून बहीण कुबडी टेकत आली होती, सोबत समोरची बाई. दादा आपल्या दारात उभा.

साहेबांनी पुन्हा पहिल्या चार घरांचे आकडे वाचले. मग विचारलं, “बाई, तुमचं काही म्हणणं?”

“माझ्या हिशेबाने एवढी गरम व्हायला नकोत,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “का होतात ते मलाही कळत नाही. मी आकडे नाकारत नाही.”

“मग झालं तर.”

“झालं कसं?” मिस्त्री पुढे आला. “टाकीकडच्या घरांत लावा ना तापमापक!”

“ती टाकीमुळे गार आहेत, हे तुम्हाला सांगितलंय.”

“साहेब, बंद टाकीखाली उभं राहून कुणाला थंडी वाजली असेल तर मी उद्यापासून मिशी ठेवत नाही!”

लोक हसले. साहेबही थोडे हसले आणि वही मिटू लागले. “पुरावा असेल तर बोला. नाहीतर ही पाहणी संपली.”

दोन्ही बाजूंनी मान्य झालेलं काम संपवून निघावं तसे ते फाटकाकडे वळले. मिस्त्रीने बहिणीकडे बघितलं. ती मानेने ‘नको’ म्हणत होती. त्याच क्षणी, दादाच्या दाराआड, वहिनी चौकटीला धरून उभ्या राहायचा प्रयत्न करताना त्याला दिसल्या. त्यांचा चेहरा विटेच्या रंगाचा झाला होता.

तो घराकडे गेला तो पळतच. छिन्नी आणि हातोडा घेऊन आला आणि दादाच्या घराच्या मागच्या भिंतीपाशी, खिडकीखाली, बसला. लोकांना काय चाललंय ते कळायच्या आत पहिला घाव पडला होता.

“ए! काय करतोस?” दादा धावत आला. “माझं घर आहे ते!”

“गप्प राहा, दादा.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने दादाला गप्प राहा म्हटलं होतं, आणि दादा गप्प झाला तो त्या धक्क्यानेच. कडेवर लावलेली बाहेरची वीट फोडायला वेळ लागला, कारण सांधे पोलादासारखे होते. वीट निघाली. मागे फट नव्हती. तिथे तुकड्यांचा आणि मालाचा दगडासारखा घट्ट गोळा होता.

“साहेब, हात घाला आत. बाई, तुम्हीही घाला. कुठे आहे पोकळी?”

बाई वाकल्या. त्यांनी बोटांनी चाचपलं आणि त्या तिथेच खाली बसल्या.

“आता चला माझ्या घरी. शंभर पावलं आहेत, छत्री देऊ का?”

शंभर पावलं सगळे त्याच्या मागून गेले. त्याने स्वतःच्या मागच्या भिंतीत तशीच एक वीट फोडली. साहेबांनी हात घातला, मनगटापर्यंत आत गेला. त्यांनी बाहेरची वीट चाचपली, आतली चाचपली आणि तापमापक मागवला. मग तोच तापमापक घेऊन सगळे परत फाटकाकडे, दादाच्या घरी आले. दोन्ही घरांच्या आकड्यांत सहा अंशांचा फरक पडला होता.

साहेब प्रामाणिक होते. त्यांनी तिथेच वही उघडली आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं, “रचनेवरील आक्षेप मागे घेण्यात येत आहे. दुसरा टप्पा मूळ नकाशाप्रमाणेच व्हावा.” शेडमधल्या बायकांत एकदम गलका झाला. साहेब पुढे वाचत होते, “पहिल्या टप्प्यातील बारा घरांत आढळलेला दोष मजुरांच्या निष्काळजीपणामुळे...”

“काय म्हणालात?”

“निष्काळजीपणा. मग काय म्हणायचं?”

“खोडा तो शब्द.”

“मिस्त्री, तुमचंच म्हणणं खरं ठरलं. आता कशाला...”

“खोडा म्हणतो ना! निष्काळजी? या माणसानं जन्मात एक वीट निष्काळजीपणानं लावलेली दाखवा, मी थापी सोडून देतो. ती फट भरायला त्याला दुप्पट मेहनत पडली असेल. कुणी बघणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं, तरी भरली. निष्काळजी तुम्ही! चार घरं बघून गाडीत बसणारे!”

“बरं, मग काय लिहू? अतिकाळजी?”

कुणी हसलं नाही.

“लिहा, भिंत पोकळ का ठेवायची ते बांधणाऱ्याला कुणी सांगितलं नाही.”

“कुणी सांगायला हवं होतं?”

“मी,” बाई उठून पुढे आल्या. “नकाशावर बाण काढला आणि सुपरवायझरवर सोडलं. या मिस्त्रींनी विचारलं म्हणून यांना थर्मास दाखवून सांगितलं. ज्यांनी विचारलं नाही त्यांच्यापर्यंत मी गेले नाही. माझं नाव लिहा.”

“आणि मी ते डोळ्यांनी बघितलं आणि बोललो नाही,” मिस्त्री म्हणाला. “तेही लिहा.”

“अहो, हा अहवाल आहे, कबुलीजबाब नाही,” साहेब वैतागून म्हणाले. पण त्यांनी तो शब्द खोडला आणि मिस्त्रीने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. बाईंनी खाली सही केली.

गाडी गेली. बहीण समोरच्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि ती बाई तिला म्हणत होती, “अगं, रडायचं काय त्यात? पुन्हा जन्मभर तुझं पाणी मीच भरायचं, रडायला मला पाहिजे.” हळूहळू चौक रिकामा झाला. मागच्या भिंतीतल्या भोकापाशी दोघे भाऊ उरले. दादा खाली पडलेला मालाचा एक तुकडा हातात घेऊन बघत होता.

“तू बघितलं होतंस.”

“हो.”

“सूत मागायला आला होतास तेव्हा.”

“हो.”

“आणि बोलला नाहीस. आज बोललास. सगळ्या गावासमोर.”

“तेव्हा तू ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं.” दादाचा आवाज चढला. “शिव्या घातल्या असत्या. घमेलं फेकून मारलं असतं. चार दिवस तुझ्याशी बोललो नसतो. आणि पाचव्या दिवशी फट सोडली असती! मी काय मूर्ख आहे? थर्मास मला कळला नसता? बारा घरं, धाकट्या! बारा घरांतली माणसं मी भाजली, आणि तू खाली उभा राहून बघत होतास. मान राखत होतास माझा! असला मान चुलीत घाल.”

आतापर्यंत मिस्त्रीने ज्याचं नाव टाळलं होतं, ते त्याच्या रागाच्या यादीत सगळ्यात वर येऊन बसलं होतं.

“झालं तुमचं?”

दोघांनी वळून बघितलं. वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. काखेत उशी, हातात औषधांची पिशवी.

“दोन उन्हाळे,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. “दोनदा दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी म्हटलं, झालं असेल. एकानं भिंत भरली आणि अभिमानानं बसला. दुसऱ्यानं बघितलं आणि आदरानं बसला. मधे मी. मला कुणी विचारलं का, की बाई, तुला गार पाहिजे का यांचा मान पाहिजे?”

“वहिनी...”

“भाऊजी, तुम्ही बोलूच नका. ‘टाकी आहे म्हणून बरं आहे’ असं मी तुमच्या तोंडावर म्हटलं काल. तुम्ही मान हलवलीत.”

दादा पुढे झाला. “अगं, उन्हात कुठे निघालीस?”

“जिथे भिंत पोकळ आहे तिथे. जाऊबाईंना सांगून ठेवलंय मी. तुम्ही दोघं शहाणे इथे बसा आणि ही भिंत मोकळी करा. झाली, की हाक मारा. घर गार झालेलं हाताला लागलं, तरच येईन.”

घराला वळसा घालून त्या चौकातून एकट्या चालत गेल्या, दोघे भाऊ कोपऱ्यावर उभे राहून बघत होते. मधे दोनदा थांबल्या, पण वळून बघितलं नाही. टाकीकडच्या शेवटच्या घराचं दार उघडून मिस्त्रीची बायको बाहेर आली, तिने उशी घेतली आणि दार लागलं.

दादाने हातातला तुकडा लांब भिरकावून दिला आणि घरात शिरला. आतल्या बाजूने त्याच भिंतीला लागून कपड्यांचं लोखंडी कपाट होतं, ते हलवल्याशिवाय भिंत आतून फोडता येणार नव्हती.

“बाहेर उभा राहून काय बघतोस?” तो आतून ओरडला. “ये आत. धर हे त्या टोकानं.”

मिस्त्री आत गेला. कपाटाचा पत्रा इतका तापला होता, की बोटं चिकटतील असं वाटलं. त्याने दात आवळले आणि धरलं.